मुलगा काय करतो?

गेल्या वर्षी आमच्या जिल्ह्यातील समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्यात नावनोंदणीच्या टेबलावर बसण्याचे काम माझ्याकडे आले. निवृत्त बँक अधिकाऱ्याला समाजात अशी कामे हमखास मिळतात. अर्ज तपासणे, राहिलेले रकाने भरून घेणे, पावती फाडणे आणि संध्याकाळी रोख जुळविणे. बँकेत पस्तीस वर्षे हेच केले असल्यामुळे नाही म्हणण्याची सोय नव्हती.

दुपारच्या सुमारास एका तरुणाने अर्ज पुढे केला. वय ३१, शिक्षण बी.कॉम., तालुक्याच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांचे भुसार मालाचे दुकान. 'नोकरी अथवा व्यवसाय' या रकान्यात त्याने लिहिले होते, 'वडिलांना मदत'. वार्षिक उत्पन्नाचा रकाना कोरा होता.

"उत्पन्न लिहायचं राहिलं," मी म्हणालो.

"तसं काही ठरलेलं नाही, काका. लागेल तसं गल्ल्यातून घेतो."

"दुकानात तुमच्याकडे काय असतं?"

"खरेदी सगळी माझ्याकडे. जीएसटीचं काम, गावोगावची वसुली, दोन टेम्पो आणि सहा माणसं."

"मग 'वडिलांना मदत' एवढंच का लिहिलं?"

तो हसला. "मग काय लिहू?"

थोड्या वेळाने एक भगिनी तोच अर्ज हातात घेऊन आल्या. त्यांची कन्या सनदी लेखापाल आहे. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "घराणं माहितीचं आहे, दुकानही पाहिलं आहे. पण मुलगा नेमकं काय करतो?"

आजकालच्या मुलींना आणि त्यांच्या आयांना पुण्या-मुंबईचे पॅकेजच हवे असते, अशी तक्रार आपण प्रत्येक मेळाव्यात ऐकतो. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु या भगिनींचा प्रश्न शहराचा नव्हता, पैशांचाही नव्हता. जे आहे त्यात या मुलाचे स्वतःचे असे काय आहे, हे त्यांना विचारायचे होते. त्या प्रश्नाचे उत्तर मुलाजवळ नव्हते, आणि ते त्याच्या वडिलांनी कधी दिलेलेही नव्हते.

कोरा रकाना आणि गृहकर्ज

हा कोरा रकाना माझ्या ओळखीचा आहे. शाखाधिकारी असताना तो मी वेगळ्या कागदांवर पाहिला आहे.

एका शाखेत एक प्रतिष्ठित कापड व्यापारी आमचे जुने खातेदार होते. कॅश क्रेडिट खाते चोख, स्टॉक स्टेटमेंट दरमहा वेळेवर, धनादेश परत गेल्याचे एकही उदाहरण नाही. त्यांचा ३६ वर्षांचा मुलगा गृहकर्जासाठी माझ्यासमोर बसला. बारा वर्षे तो दुकानात उभा होता. सुरत आणि इचलकरंजीची खरेदी तोच करीत असे. मी त्याची आयकर विवरणपत्रे मागितली. ती होती, परंतु कराची मर्यादा ओलांडली जाऊ नये एवढेच उत्पन्न त्यांत दरवर्षी दाखविलेले होते. त्या उत्पन्नावर घराचे काय, चारचाकीचे कर्जही बसत नव्हते. वडिलांना सहकर्जदार करावे तर त्यांचे वय ६६. परतफेडीला मिळणार फार तर चार-पाच वर्षे. त्याच आठवड्यात त्याच दुकानातील मुनिमाच्या मुलाचे कर्ज मी मंजूर केले होते. तो एका कारखान्यात पर्यवेक्षक होता आणि त्याच्याजवळ तीन वर्षांच्या पगाराच्या पावत्या होत्या.

मुलगा काही बोलला नाही. वडील मात्र म्हणाले, "साहेब, सगळं त्याचंच तर आहे!" हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा ऐकले आहे. बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण बँकेच्या हिशेबात, कायद्याच्या हिशेबात आणि वयाच्या पस्तिशीत आलेल्या माणसाच्या स्वतःच्या हिशेबात 'सगळे त्याचेच' याचा अर्थ पुष्कळदा 'आज त्याचे काहीच नाही' असा होतो.

नोकरीत वेतन मिळते, हे तिचे आकर्षण आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नेमणूकपत्र. पद कोणते, काम कोणते, वेतन किती, रजा किती, कोणाला विचारायचे आणि कोणत्या दिवशी निवृत्त व्हायचे, हे सारे त्या एका कागदावर असते. आपल्या दुकानांत मुलाला याच्या दसपट जबाबदारी मिळते. हा कागद मात्र मिळत नाही.

माझे नेमणूकपत्र

मी स्वतः दुकानदाराचा मुलगा. बार्शीला आमचे किराणा आणि भुसार मालाचे दुकान होते. १९८२ साली मी एम.कॉम. झालो. १९६९ मध्ये चौदा आणि १९८० मध्ये आणखी सहा बँकांचे राष्ट्रीयीकरण झालेले, गावोगाव शाखा निघत होत्या, आणि वाणिज्य शाखेचा प्रत्येक पदवीधर बँकेच्या परीक्षा देत होता. मीही दिल्या. निकाल आणि नेमणूक यांच्यामध्ये अकरा महिने गेले. ते अकरा महिने मी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, शेजारी गादीवर बसलो. मालाची प्रत हाताने ओळखणे, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून उधारी ठरविणे आणि रात्री दिवे मालविण्यापूर्वी रोजमेळ जुळविणे मी तेथेच शिकलो. यातील बरेचसे पुढे बँकेत उपयोगी पडले.

मे १९८३ मध्ये नेमणूकपत्र आले. अण्णांनी ते दोनदा वाचले, होत्या त्याच घड्यांवर दुमडून माझ्या हातात दिले आणि विचारले, "गाडी कितीची आहे?" एकदा तरी त्यांनी 'दुकानाचे काय?' असे विचारावे, असे मला फार वाटत होते. त्यांनी विचारले नाही. मीही विषय काढला नाही. आठवड्याभरात मी विदर्भातील पहिल्या शाखेत रुजू झालो.

१९९६ च्या दिवाळीला अण्णांनी दुकान बंद केले. सर्वांची देणी पै-पैसह फेडली, तराजू आणि मापे एका होतकरू दुकानदाराला दिली. त्याच वेळी त्यांनी माझ्या लहान मुलीच्या नावे पोस्टात ९,५४८ रुपये भरले. नातवंडांना ५०१ किंवा १,००१ देणाऱ्या माणसाने असा आकडा का निवडला, हे मला कोडे वाटले. बँकेत असा आकडा दिसला असता तर मी खुलासा मागितला असता. घरात मागितला नाही.

जाणारे आणि येणारे

वडिलोपार्जित धंदा सोडणे म्हणजे घराण्याशी द्रोह, असे कोणी समजू नये. आपला इतिहास तसे सांगत नाही. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद घरच्या कापसाच्या आणि सावकारीच्या व्यवहारात रमले नाहीत. रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून ते रेल्वेच्या बांधकामाचे ठेकेदार झाले. आरंभीचे काम आमच्याच बार्शी लाइट रेल्वेचे होते. पुढे १९१९ मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी आणि १९४० मध्ये बंगळूरचा विमान कारखाना उभा राहिला, तो घरच्या गादीवरून उठलेल्या या माणसामुळे.

उलट दिशेचे उदाहरण जळगावचे भवरलाल जैन यांचे. वाकोदसारख्या खेड्यातून येऊन त्यांनी वाणिज्य आणि कायद्याच्या पदव्या घेतल्या. सरकारी अधिकारीपद मिळत असताना ते नाकारले आणि १९६३ मध्ये कुटुंबाच्या साठवणीतील ७,००० रुपयांवर रॉकेलची विक्री सुरू केली. ठिबक सिंचनाचा मोठा उद्योग त्यानंतरचा. कुंभोजला जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील तर किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा खेडोपाडीची परिस्थिती त्यांच्या परिचयाची झालेली होती.

एकाने घरचा धंदा सोडला, दुसऱ्याने नोकरी नाकारून धंदा धरला, तिसऱ्याने विक्रेत्याच्या कामातून लोकसेवेची वाट काढली. तिघांची वाट वेगळी. पण प्रत्येकाने ती स्वतः ठरवून घेतली. मी पाहिलेल्या शेकडो खात्यांत दुकाने मुलगा निघून गेल्यामुळे बुडाली, असे क्वचितच दिसले. ज्या दुकानांत 'बघू', 'पुढचं पुढं' म्हणत दहा-दहा वर्षे काहीच ठरले नाही, ती मात्र डोळ्यांदेखत खंगत गेली.

काय ठरवावे?

कर्जाचा प्रस्ताव तपासताना जसे मुद्दे काढीत असे, तसेच येथे मांडतो.

पहिला मुद्दा विचारण्याचा. मुलाने वा मुलीने पदवी घेईपर्यंत थांबू नये. बारावीच्या सुमारास एकदा आणि पदवीच्या शेवटच्या वर्षात एकदा, असे दोनदा स्पष्ट विचारावे. 'नाही' हे उत्तर शांतपणे ऐकून घेता येत असेल तरच विचारावे. कारण 'नाही' म्हणण्याची मोकळीक नसेल तर 'हो'ला किंमत राहत नाही.

दुसरा मुद्दा बाहेरच्या कामाचा. दुकानात येणाऱ्याने आधी दोन-तीन वर्षे दुसऱ्याकडे नोकरी करावी. वेळेवर पोहोचणे, वरिष्ठाला हिशेब देणे आणि स्वतःच्या वेतनात महिना काढणे हे वडिलांच्या दुकानात शिकता येत नाही. सनदी लेखापालाच्या अभ्यासक्रमातील उमेदवारी पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली आहे. पण ती करून परतलेला मुलगा दुकानाची पत्रके वेगळ्या नजरेने पाहतो, हा माझा अनुभव आहे.

तिसरा मुद्दा वेतनाचा. दुकानात बसणाऱ्याला ठरलेल्या तारखेला, ठरलेली रक्कम, त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावी. गल्ल्यातून घेतलेल्या पैशाला ना हिशेब असतो, ना मान. खात्यात जमा झालेल्या वेतनावर आयकर विवरणपत्र उभे राहते, विवरणपत्रावर कर्ज उभे राहते, आणि त्यातूनच भविष्यनिर्वाहाची, विम्याची तरतूद होते. थोडा कर भरावा लागेल. तो भरावा. कापड व्यापाऱ्याच्या मुलाने वाचविलेला कर त्याला घराच्या रूपाने फार महाग पडला.

चौथा मुद्दा भागीदारीचा. आपली बहुतेक दुकाने वडिलांच्या एकट्याच्या नावावर आहेत. जीएसटीची नोंदणी मालकाच्या पॅनशी जोडलेली असते. मालकाचे निधन झाले की वारसाला नवी नोंदणी घ्यावी लागते आणि बँकेतील कॅश क्रेडिट खात्याचे व्यवहार थांबतात. सुतकाच्या दिवसांत मुलगा कागद गोळा करीत बँकेच्या पायऱ्या चढतो, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी मला नियमच सांगावे लागले आहेत. मुलगा दोन-तीन वर्षे वेतनावर काम करून स्थिरावला की भागीदारीचा करारनामा करावा. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे फर्मची नोंदणी सक्तीची नाही. परंतु नोंदणी नसलेल्या फर्मला येणे वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही. उधारीवर चालणाऱ्या बाजारात ही उणीव लहान नव्हे. तसेच भागीदाराच्या मृत्यूनंतर फर्म चालू राहील, असे कलम करारात नसेल तर फर्म विसर्जित होते. आणि दोघेच भागीदार असतील तर ते कलमही पुरत नाही, कारण उरलेल्या एकाची भागीदारी होत नाही. म्हणून तिसरे नाव करारात असावे. ते पत्नीचे असेल, मुलीचे असेल किंवा सुनेचे.

येथे मला माझी एक चूक कबूल करावयाची आहे. हार्डवेअरचे एक व्यापारी दरवर्षी कर्जाच्या नूतनीकरणासाठी येत, तेव्हा त्यांची मुलगी बरोबर असे. साठा किती, कोणता माल पडून, कोणाकडे नव्वद दिवसांवरची उधारी, ही सर्व उत्तरे तीच देई. एका वर्षी मी तिच्यादेखत वडिलांना विचारले, "तुमच्यानंतर दुकान कोण पाहणार?" वडील म्हणाले, "बघू." ती माझ्याकडे पाहत राहिली. पुढच्या वर्षी वडील एकटेच आले. आज ती दूरच्या शहरात एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे आणि दुकानाची जागा भाड्याने गेली आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि हा कायदा आपल्यालाही लागू आहे, हे मला तेव्हा पाठ होते. तरीही समोर बसलेल्या मुलीचे उत्तर मला दिसले नाही.

वडिलांचे पुढचे काय?

पाचवा मुद्दा सर्वांत अवघड आहे, कारण तो माझ्या वयाच्या वाचकांसाठी आहे. मुलाच्या भवितव्याची आपण चौकशी करतो. स्वतःच्या भवितव्याची करीत नाही. बँकेने मला साठाव्या वर्षी हार घालून घरी पाठविले. दुकानदाराला असे कोणी घरी पाठवीत नाही. म्हणून तो ऐंशीव्या वर्षीही गल्ल्याची किल्ली कमरेला ठेवतो आणि पन्नाशीचा मुलगा 'वडिलांना मदत' करीत राहतो.

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा आपण व्याख्यानांत ऐकतो. वाणिज्यग्रामच्या या गृहस्थाजवळ बारा कोटी सुवर्णमुद्रा होत्या. त्यांपैकी चार कोटी निधीत, चार कोटी व्यवहारात आणि चार कोटी घर-संसारात. या विभागणीचे मला बँकवाल्याला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. परंतु अधिक विचार करण्यासारखा आहे तो पुढचा भाग. व्रते घेतल्यानंतरच्या पंधराव्या वर्षी आनंदाने आप्तेष्टांना एकत्र बोलावले, सर्वांसमक्ष ज्येष्ठ पुत्राकडे कुटुंबाचा भार सोपविला आणि आजपासून कोणत्याही व्यवहारात मला विचारू नका, असे सांगून तो पौषधशाळेत गेला. हयातीत, धडधाकट असताना, साक्षीदारांसमोर आणि पुढची ढवळाढवळ स्वतःच बंद करून त्याने हे हस्तांतर केले. मृत्युपत्राच्या भरवशावर त्याने काही ठेवले नाही.

आपण सर्वांनीच सर्वसंग परित्याग करावा असे मी म्हणत नाही. पण वयाच्या अमुक वर्षी खरेदीचे निर्णय मुलाकडे, अमुक वर्षी बँकेच्या सह्या त्याच्याकडे, आणि त्यानंतर मी सकाळचे दोन तास बसेन, बाकीचा वेळ स्वाध्याय, गोशाळा वा पाठशाळेला देईन, एवढे तरी लिहून ठेवता येते. वडिलांनी आपली तारीख लिहिली की मुलाला आपली वाट दिसू लागते.

वहीतील पान

अण्णा २००४ साली गेले. त्यानंतर माळा आवरताना जुन्या लाल वह्या हाती लागल्या. मी सहज १९८२-८३ ची खतावणी उघडली. एका पानावर माझ्या नावाचे खाते होते. जून १९८२ पासून प्रत्येक महिनाअखेरीस अण्णांच्या वळणदार अक्षरात नोंद होती, 'पगाराचे ४०० जमा'. अशा अकरा नोंदी. एकूण ४,४०० रुपये. मला त्यांनी कधी सांगितले नव्हते. त्या दिवाळीपासून पुढच्या प्रत्येक वर्षाच्या वहीत ती बाकी ओढलेली होती आणि तिच्यावर शेकडा पाऊण रुपया दराने व्याज आकारलेले होते. तेरा वर्षांचे व्याज ५,१४८. माझी मुलगी पोस्टातून ज्या रकमेचे पासबुक घेऊन आली होती, तो आकडा शेवटच्या वहीत त्या पानाच्या तळाशी होता.

म्हणजे माझी नेमणूक झाली होती. पत्र तेवढे मला मिळाले नव्हते. ते मिळाले असते तर मी दुकानात राहिलो असतो, असे आज सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बँकेने मला पुष्कळ दिले. परंतु दोन पत्रे समोर ठेवून मी निवड केली असती, आणि अण्णांनाही माझे उत्तर माझ्या तोंडून ऐकायला मिळाले असते.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण नव्या वह्या पूजतो. त्यानंतर लाभपंचमीपर्यंत पुष्कळ पेढ्या बंद असतात आणि बाहेरगावची मुलेही घरी आलेली असतात. त्या चार-पाच दिवसांतील एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी. मुलगा, मुलगी, सून, सर्वांना बसवावे. कोण काय करतो, कोणाला काय करावयाचे आहे, कोणाला किती द्यावयाचे आणि वडील कधी थांबणार, हे सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून नव्या वहीच्या पहिल्या पानानंतर लिहून काढावे आणि खाली सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

पुढच्या मेळाव्यात मी टेबलावर असेनच. अर्जातील तो रकाना भरून आणावा.